घाटात टर्बो गाडी तापते म्हणून बॉनेट कापायचं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "साताऱ्यात राहतो, कामासाठी पुण्याला जाणं-येणं असतं. गाडी तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल, पाच वर्षं झाली. उन्हाळ्यात परतताना खंबाटकीच्या घाटात ट्रकांच्या मागे अडकलं की अर्ध्या चढानंतर गाडी ओढत नाही. वर येऊन चहाला थांबलो की बॉनेटवर हात ठेववत नाही, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो आणि गरम प्लास्टिकसारखा वास येतो. टेम्परेचरचा काटा मात्र कायम मध्यावर. एक मित्र म्हणतो बॉनेटला जाळ्या पाड, दुसरा म्हणतो एक्झॉस्टला पट्टी गुंडाळ, गावाकडचा मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाक. मोठा इंटरकूलरही कुणीतरी सुचवलाय. यातलं आधी काय करू? आणि भावाच्या डिझेल गाडीचा पंखाही असाच चालू राहतो, तेही तापणंच का?"

सरळ सांगतो, या चारपैकी एकही काम आत्ता करू नका. बॉनेट एकदा कापलं की कापलं, आणि थर्मोस्टॅट काढणं या गाडीला अपायच करेल. उन्हाळ्यात माझ्या गॅरेजला अशा तक्रारीच्या टर्बो गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेकींना नवीन काही बसवावं लागत नाही. कंपनीने दिलेलंच काहीतरी तुटलेलं, तुंबलेलं किंवा कुणीतरी काढून टाकलेलं असतं. ते जागेवर आणायचं आणि मग उरलं-सुरलं बघायचं, हा माझा क्रम.

तुमच्या तक्रारीत तीन निराळ्या गोष्टी मिसळल्यात, त्या आधी सुट्या करू. इंजिनातलं कूलंट किती तापतंय, ही एक. टर्बोने, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याने, दाबलेली हवा इंजिनात शिरताना किती गरम आहे, ही दुसरी. घाटात गाडी न ओढण्याचा संबंध बहुतेक वेळा हिच्याशी असतो. आणि तिसरी म्हणजे बॉनेटखाली कोंडलेली झळ. वास तिचा, आणि रबर-प्लास्टिक कडक पडून पुढे जो खर्च निघतो तोही तिचाच. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. कूलंट ठीक असताना रेडिएटर बदलून झळ कमी होत नाही, आणि बॉनेटला भोकं पाडून इंटरकूलर, म्हणजे ती दाबलेली हवा थंड करणारा छोटा रेडिएटर, थंड होत नाही.

काटा मध्यावर आहे म्हणजे कूलंट ठीक आहे, असं तुम्ही धरून चाललाय. ठीक असेलही. पण आजच्या गाड्यांचा काटा तितका खरं बोलत नाही. साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत कूलंट कुठेही असलं तरी बऱ्याच गाड्यांत तो मध्यावरच उभा राहील अशी सोय केलेली असते. नाहीतर जरा हलला की गिऱ्हाईक शोरूमला फोन करतं. तो मध्य सोडून वर सरकला, तेव्हा प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं.

मी तुमची गाडी बघितलेली नाही, म्हणून काही गोष्टी जर-तरनेच सांगतो. गाडी कधी पुढून ठोकली होती का, बंपर उतरवून काम झालं होतं का, समोर क्रॅश गार्ड किंवा किड्यांसाठी बारीक जाळी लावली आहे का, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जास्त ताकदीसाठी रीमॅप केलाय का, यावर बरंच अवलंबून आहे. रीमॅप केलेला असेल तर खालचं सगळं वाचा, पण आधी तो काढून मूळ सेटिंगवर गाडी चालवून बघा. क्रॅश गार्ड असेल तर तोही उतरवा. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलंय, ते वारं अडतं म्हणून नव्हे तर सुरक्षेसाठी. पण वारं अडतं हेही खरंच आहे.

आता घाटात नेमकं काय होतं ते बघू. पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडला टर्बोत शिरणारा धूर ९०० अंशांच्या घरात असतो. डिझेलमध्ये त्याहून दीड-दोनशे अंश कमी. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या मारतो, आणि हा सगळा प्रकार इंजिनापासून वीतभर अंतरावर, वायरिंग आणि रबरी पाइपांच्या शेजारी चाललेला असतो. जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम एक तृतीयांश भाग गाडी ओढायला कामी येतो. बाकीचा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जायला हवा. शिरवळ सोडून १०० ने हायवेला चाललात तर उष्णता भरपूर तयार होते, पण समोरून वारंही तेवढंच येतं. खंबाटकीत भरलेल्या ट्रकच्या मागे २०-२५ ने थांबत-उचलत चढताना वारं जवळजवळ बंद, सगळी भिस्त पंख्यावर, एसीचा कंडेन्सर आपली उष्णता रेडिएटरच्याच तोंडावर टाकणार, आणि समोरून येणारी हवा ट्रकने आधीच तापवलेली.

त्यात टर्बो हवा दाबतो, आणि हवा दाबली की तापते. बाहेर ४० अंश असेल आणि दाब दुप्पट केला तर टर्बोतून निघणारी हवा १३० अंशांच्या आसपास जाते. ती थंड करायला इंटरकूलर. चालत्या गाडीत तो तिला बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंश जास्त इतक्यावर आणून सोडतो. घाटात मात्र तोच तापून बसतो आणि हवा ७० अंशांच्या वर इंजिनात शिरायला लागते. दर १० अंशांमागे हवा सुमारे ३ टक्के विरळ होते, हा तोटा लहान. मोठा तोटा पुढे आहे: गरम हवेने नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून इंजिनला बसणारे ठोके, होऊ नये म्हणून ईसीयू स्पार्क उशिरा टाकतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, हाही कमी करतो. तुम्हाला मेलेला वाटणारा पिकअप त्याने इंजिन वाचवायला मुद्दाम काढून घेतलेला असतो. थोडी घट प्रत्येक टर्बो गाडीत होते. ती किती होते आणि सपाटीला आल्यावर किती लवकर भरून येते, हे बघायचं.

म्हणून आधी मोजा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारं साधं ब्लूटूथ ओबीडी डोंगल घ्या, ते गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलला पाठवतं; मोबाइलवर अ‍ॅप टाका आणि एक फेरी करा. आकडे शेजारी बसलेल्याने लिहायचे, चालवणाऱ्याने नाही. कूलंटचं तापमान आणि इंटेक म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, हे दोनच आकडे पुरेत. घाटाच्या पायथ्याला, मध्यावर, माथ्यावर, आणि खाली सुरूरकडे सपाटीला लागल्यावर पाच मिनिटांनी लिहून ठेवा. कूलंट १०५ च्या आत असेल तर त्या बाजूची काळजी सोडा. बऱ्याच नव्या इंजिनांत हलक्या लोडला ते मुद्दाम १०० च्या पुढे ठेवलेलं असतं, त्यामुळे तीन आकडी संख्या बघून दचकू नका. ११० ओलांडून वरच जात राहिलं तर मात्र कूलिंगमध्ये दोष आहे. इंटेक हवा चढावर बाहेरपेक्षा ३०-३५ अंश जास्त असेल तर समजण्यासारखं आहे. सपाटीला वारं लागल्यावरही ती खाली येत नसेल तर कुठेतरी वाट अडलेली आहे. एक लक्षात ठेवा, काही गाड्यांत सेन्सर दोन असतात, एक एअर फिल्टरजवळ आणि एक इंटरकूलरनंतर. आपल्याला दुसरा हवा.

लेझरची तापमान बंदूक घेऊन टर्बोवर धरणारे खूप भेटतात. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती बंदूक खूपच कमी आकडा दाखवते, कारण तो पत्रा स्वतःची उष्णता फारशी फेकत नाही, समोरच्या गोष्टींची परतवतो. टर्बोवरची हीट शील्ड, म्हणजे झळ अडवणारा पत्रा, ६० अंश दाखवली म्हणून बोट लावू नका.

आता गाडीकडे. मी समोरून सुरुवात करतो, कारण आपल्या भागातल्या गाड्यांचं पहिलं दुखणं तिथेच असतं. गळीत हंगामात कराड, इस्लामपूर, सांगली भागात उसाच्या ट्रॉलीमागून चालवलेल्या गाडीच्या नाकात काय काय जातं ते बंपर उतरवल्याशिवाय कळत नाही. पाचटाचे तुकडे, फड पेटवल्याची काजळी, उसाच्या तुऱ्याचे पांढरे तंतू, वर किडे आणि धूळ. समोरून जाळीतून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, धुऊन आणलेलाच असतो. खरा माल कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत, रेडिएटरच्या तोंडावर बसलेला असतो. वरून टॉर्च मारून बघा. खालच्या निम्म्या भागात तर तो थर असा जमतो की चिमटीत धरून ओढला की जुन्या गोधडीतल्या कापसासारखा सलग निघून येतो. त्याच्या मागे पंखा कितीही जोरात फिरला तरी ओढणार काय?

ही सफाई सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर गनने करू नका. रेडिएटरच्या फिन्स, म्हणजे त्याच्या बारीक पट्ट्या, पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, जवळून मारलेल्या धारेने आडव्या होतात आणि वाट कायमची बंद. बंपर उतरवायचा, कंडेन्सरच्या पट्ट्यांचे बोल्ट सोडून तो गॅसची लाइन न उघडता जेवढा पुढे सरकेल तेवढा सरकवायचा, आणि इंजिन पूर्ण गार असताना साध्या नळीने आतून बाहेर, म्हणजे वारं येतं त्याच्या उलट दिशेने पाणी मारायचं. बाहेरून आत मारलं तर कचरा आणखी ठासून बसतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यामुळे कुणी ते मनापासून करत नाही. समोर उभे राहून करून घ्या.

बंपर उतरलाच आहे तर रेडिएटरच्या कडेने काळ्या फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे पडदे आहेत का बघा. पाच वर्षांच्या गाडीत, त्यातही एकदा ठोकलेल्या, ते हमखास गायब असतात, कारण परत बसवताना "हे काय कामाचं" म्हणून बाजूला टाकलेलं असतं. त्यांचं काम असं की समोरून आलेलं वारं कडेने न निसटता रेडिएटरमधूनच जावं, आणि गाडी उभी असताना पंख्याने मागे टाकलेली गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येऊ नये. हे दुसरं काम घाटात फार महत्त्वाचं. पट्ट्या नसतील तर रांगेत उभी राहिलेली गाडी स्वतःचीच झळ पुन्हा पुन्हा पिते. मूळ पार्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर घट्ट फोमची पट्टी कापून नीट चिकटवली तरी चालते.

पंखा तपासायला गाडी सुरू करून एसी लावा. पंखा लगेच किंवा थोड्या वेळात हळू वेगाने फिरायला लागला पाहिजे. दोन वेगांच्या पंख्यात हळू वेगाचा रेझिस्टर जळतो आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण कूलंट फारच तापलं की जोराचा वेग लागतो आणि पंखा चालतोय असं दिसतं. मधल्या काळात सगळं आत साठत गेलेलं असतं.

खालचं प्लास्टिकचं कव्हर, आपल्याकडचे लोक त्याला चिखलाचं कव्हर समजतात. स्पीडब्रेकरला घासून ते तुटतं, मग तारेने बांधतात, मग एक दिवस काढून माळ्यावर. ते नुसतं चिखलासाठी नसतं. वेगात असताना गाडीच्या पोटाखाली हवेचा दाब कमी राहावा आणि इंजिनची गरम हवा मागे-खाली ओढली जावी, ही रचना त्याच्यावर बेतलेली असते. ते काढलं की खालून उलटी हवा वर शिरते आणि रेडिएटरमधून हवा जायचं प्रमाण घटतं. काढल्यावर गाडी थंड राहील असं वाटणं साहजिक आहे, पण चालत्या गाडीत बऱ्याचदा उलटंच घडतं.

आता तुमचा वास. माझा पहिला संशय टर्बोवरच्या हीट शील्डवर. हा पातळ, दुहेरी पत्र्याचा टोप असतो, तीन-चार छोट्या बोल्टवर उभा. बोल्टाभोवतीचा पत्रा गंजतो किंवा हादऱ्याने फाटतो, मग २,००० आरपीएमला डब्यासारखा खडखड आवाज सुरू होतो. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार करतं, मेकॅनिक दोन बोल्ट सोडून पत्रा काढून टाकतो, आवाज गेला, दोघेही खूश. त्या पत्र्यात आणि टर्बोत जी बोटभर हवेची फट असते तीच खरं काम करत असते. पत्रा गेला की ९०० अंशांचा धूर खेळवणारं लोखंड थेट वायरिंगच्या नळीकडे, कूलंटच्या होजकडे आणि इंजिनच्या वरच्या प्लास्टिक कव्हरकडे तोंड करून बसतं. टर्बोच्या बाजूची वायरिंगची काळी नळी बोटाने दाबा. ती वाकण्याऐवजी कडकन मोडली तर झळ तिथवर पोचतेय असं समजायचं. फाटलेल्या भोकावर मोठा स्टीलचा वॉशर टाकून शील्ड पुन्हा घट्ट बसवता येते. फार गेली असेल तर कंपनीचीच नवी घ्या. बॅटरी बदलताना तिच्याभोवतीचं जाड जॅकेट दुकानात राहिलंय का तेही बघा. ते दिसायला पिशवीसारखं असतं, त्यामुळे जुन्या बॅटरीबरोबर जातं, आणि मग नवी बॅटरी लवकर संपली म्हणून बोंब होते.

वास घेताना एवढा फरक करा. गोडसर वास कूलंटचा, तो कुठेतरी गळतोय. जळकट तेलकट वास टर्बोवर ऑइल पडतंय याचा, आणि तो असेल तर गाडी चालवणं थांबवून आधी गळती काढा, कारण तापलेल्या टर्बोवरचं ऑइल पेट घेतं. इंजिनवर विसरलेलं फडकं आणि उंदरांनी ओढून आणलेलं पाचट, ही दोन्ही आगीची खरी कारणं आहेत. गाडी शेताजवळ उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघाच.

टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनकडे जाणारे जाड रबरी पाइपही हाताने फिरवून बघा. क्लॅम्प ढिला असेल तर सांध्याभोवती ऑइलचा ओलावा आणि त्यावर धुळीचा काळा गोल दिसतो. हवा तिथून निसटते, ईसीयू तेवढाच बूस्ट मागतो, टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा आणखी तापते. क्लॅम्पसारख्या फुटकळ वस्तूने घाटातला पिकअप गेलेला मी बघितलाय. एअर फिल्टरकडे जाणारं प्लास्टिकचं तोंड समोर ग्रिलजवळ जागेवर आहे ना, हेही बघा; ते निघालं असेल किंवा हौसेने उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला असेल तर इंजिन बॉनेटखालचीच गरम हवा ओढतंय.

तर क्रम असा झाला: मोजा, मग समोरची सफाई आणि पट्ट्या, पंखा, खालचं कव्हर, हीट शील्ड, पाइप. कूलंट आता सांगतो, कारण त्यात आपल्याकडे सगळ्यात जास्त चालढकल होते.

टाकीत पातळी कमी दिसली की बोअरचं पाणी ओतायचं, ही सवय मोडा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते तापून आत पापुद्रा धरतात आणि टर्बोला कूलंट पोचवणाऱ्या बारीक नळ्या आधी तुंबतात. मिश्रण कंपनीने सांगितलेलंच, पातळ करायचं तर डिस्टिल्ड वॉटरने. टाकीचं झाकणही बघा. ते दाब धरून ठेवतं म्हणूनच कूलंट १०० अंशांना उकळत नाही. साताऱ्यात, साधारण ७०० मीटरवर, उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला, १,३५० मीटरवर, ९६ च्या खालीच. झाकणाने एक बार दाब धरला तर अर्धं कूलंट-अर्धं पाणी हे मिश्रण १२५ च्या पुढेही टिकतं. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला, आणि पसरणीच्या घाटात वाफ दिसली. गरम असताना मात्र ते उघडायचं नाही, कितीही घाई असो.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. ती काढण्याची युक्ती जुन्या जीप आणि ट्रकच्या काळातली आहे, तेव्हा ती निभावून जायची. या इंजिनात थर्मोस्टॅट नसला तर कूलंट ठरलेल्या वाटेने फिरत नाही, इंजिन सपाटीला गारच राहतं, ईसीयू जास्त पेट्रोल टाकतो, ते ऑइलमध्ये उतरतं आणि पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला जातं. अडकलेला असेल तर नवा बसवा.

एक्झॉस्टची पट्टी: बऱ्याच छोट्या टर्बो इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणारा भाग, हेडमध्येच (इंजिनच्या वरच्या भागात) ओतलेला असतो, त्याला कूलंट थंड करतं. मग गुंडाळणार काय? टर्बोच्या पुढच्या पाइपला गुंडाळली तर झळ कमी होते हे खरं, पण पट्टी आपल्या पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, पाइप आतल्या आत गंजतो, आणि ऑइल पडलं तर तीच वात होते. रोजच्या गाडीला नको. मोठा इंटरकूलर रेडिएटरसमोर आडवा येतो आणि टर्बोला तो भरायला वेळ लागतो. मूळ इंजिनला त्याची गरज नाही.

बॉनेटच्या जाळ्यांवर जरा थांबतो, कारण त्या योग्य ठिकाणी असल्या तर काम करतात. प्रश्न ठिकाणाचा आहे. चालत्या गाडीत बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागावर हवेचा दाब कमी असतो, तिथल्या जाळीतून आतली हवा बाहेर ओढली जाते. समोरच्या काचेच्या पायथ्याशी मात्र दाब जास्त असतो. तिथे जाळी पाडली, किंवा बिजागरीखाली वॉशर टाकून बॉनेट मागून उचललं, तर वेगात बाहेरची हवा आत शिरते आणि खालून निघणाऱ्या हवेला अडवते. शिवाय केबिनची ताजी हवाही काचेच्या पायथ्यापासूनच घेतली जाते, म्हणजे रांगेत उभे असताना इंजिनची झळ आणि वास थेट तुमच्या नाकात. गाड्या सजवणारे नेमकी तीच जागा निवडतात, दिसायला बरी म्हणून. आणि बरोबर जागी पाडली तरी खाली इग्निशन कॉइल आणि वायरिंगचे सॉकेट असतात. जुलैत यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलात तर आडवा पाऊस त्यावर पडणार. बॉनेटच्या आतली पट्टी कापल्याने त्याची ताकद जाते, आणि वॉरंटी बाकी असेल तर नाकारायला आयतं निमित्त मिळतं. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला मी जाळ्या सुचवेन, पाणी वळवायच्या पन्हाळीसकट. तुम्हाला नाही.

चालवण्यातही फरक पडतो. चढावर चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला दाबून ओढू नका. एक-दोन गिअर खाली घ्या, २,५०० ते ३,००० च्या दरम्यान ठेवा. कमी आरपीएमला टर्बो पूर्ण दाब देतो पण वॉटर पंप हळू फिरतो, आणि छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत पिस्टनला धोका असलेलं अकाली पेटणं त्याच टप्प्यात होतं. ट्रकच्या शेपटीला चिकटू नका, दोन गाड्यांचं अंतर ठेवलं तरी समोरची हवा बरी मिळते. आकडे वाढताना दिसले तर एसी बंद करा. तरी वाढले तर काचा खाली घेऊन हीटर पूर्ण लावा. मे महिन्यात हा सल्ला ऐकून लोक हसतात, पण हीटरचा कोअर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि माथ्यापर्यंत पोचवतो.

बंद केल्यावर पंखा फिरणं हा दोष नाही. गाडी थांबली की कूलंट आणि वारं दोन्ही थांबतं, पण टर्बोच्या लोखंडातली उष्णता कुठे जाणार? ती बाहेर पसरते, आणि बॉनेटखालची झळ थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यात जास्त असते. म्हणूनच काही गाड्यांत पंख्याबरोबर एक छोटा विजेचा पंपही चालू राहतो आणि टर्बोभोवती कूलंट फिरवतो. बॅटरीचा खर्च होतो म्हणून त्याची वायर काढणारे महाभाग आहेत. त्यांच्या नादाला लागू नका. टर्बो बिघडतो तो बहुतेक इथे: बेअरिंगमध्ये उभं राहिलेलं ऑइल भाजून त्याचा कोळसा होतो, ऑइलची बारीक नळी चोंदते, मग शिट्टीसारखा आवाज, मग निळा धूर, मग मोठं बिल. घाट चढून लगेच किल्ली फिरवू नका. शेवटचा एक-दोन किलोमीटर पाय हलका ठेवून आलात तर वेगळं काही करायला नको. थेट माथ्यावरच थांबायचं असेल तर मिनिटभर आयडलला, म्हणजे न रेस करता नुसती सुरू, ठेवा. पाच-पाच मिनिटं ठेवण्यात अर्थ नाही. मग बॉनेट उघडून ठेवा, चहा होईपर्यंत निम्मी झळ जाते. हात मात्र पंख्यापासून लांब, तो कधीही सुरू होतो. आणि टर्बोवर किंवा रेडिएटरवर पाणी ओतू नका, तापलेल्या ओतीव लोखंडाला तडा जातो. ऑइल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं सिंथेटिकच, आणि घाटाचा वापर असेल तर सांगितलेल्या किलोमीटरच्या थोडं आधीच बदला.

भावाच्या डिझेलचं वेगळं आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो, आणि तो भरला की गाडी आपणहून जादा डिझेल वापरून त्यातली काजळी ६०० अंशांच्या आसपास जाळते. तेव्हा आयडल जरा वाढतो, पंखा जोरात चालतो, जळका वास येतो. नेमकी त्याच वेळी गाडी बंद केली की पंखा फिरत राहतो आणि माणसाला वाटतं तापली. कधीमधी होत असेल तर काही करायचं नाही. दर दोन-तीन दिवसांनी होत असेल तर फेऱ्या फारच छोट्या आहेत, आठवड्यातून एकदा हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालवायला सांगा. त्या अवस्थेत गाडी वाळलेल्या गवतावर मात्र उभी करू नका. फेब्रुवारी ते मे आपल्या पठारांवर आणि रस्त्याच्या कडेला गुडघाभर वाळकं गवत असतं आणि डीपीएफ त्याच्या अगदी वर येतो. डांबरावर किंवा मुरमावर लावा. आकडे लिहून झाले की इथेच टाका, बाहेरचं तापमान आणि एसी चालू होता की बंद हेही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.